पेंग्विन उठतोय का बघा!

ज्या यंत्रासाठी ती कधी लिहिलीच नव्हती, त्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची आणि पडद्यावर पहिली ओळ उमटेपर्यंत श्वास रोखून बसायचं, असा छंद असलेली एक जमात जगभर पसरलेली आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं बोधचिन्ह पेंग्विन, म्हणून या जमातीचा पहिला प्रश्न ठरलेला: उठला का? बाकी आवाज, वायफाय, कॅमेरा वगैरे लाड नंतरचे.

ट्रॉम्बे म्हटलं की मुंबईकराला आठवतो तो अणुभट्टीचा पांढरा घुमट, अणुशक्तीनगरचं गेट, चीता कॅम्प, कोळीवाडा आणि खाडीतले फ्लेमिंगो. पण याच टेकडीच्या कुशीत देशातल्या काही सर्वांत जगावेगळ्या संगणकांची आणि उपकरणांची वस्ती होती. दुकानात न मिळणारी, कुणीतरी स्वतः बांधलेली किंवा साता समुद्रापलीकडून आणलेली. अशा यंत्रांना कंपनीचा सपोर्ट नसतो. तो आपला आपण लिहावा लागतो. तर ट्रॉम्बेहून सुरुवात करून मंगळापर्यंतची ही भेळ.

गावाचं नाव लावणारा कॉम्प्युटर

१९६९ साली भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे बीएआरसीत, एक संगणक तयार झाला. नाव टीडीसी-१२. यातला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे! ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, आणि १२ म्हणजे बारा बिटांचा. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलनं ही यंत्रं विकायला काढली आणि त्यांची पुढची भावंडं, टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६, देशभर गेली. म्हणजे ट्रॉम्बेला कधीही न आलेल्या कितीतरी इंजिनिअरांनी ट्रॉम्बेचं नाव रोज यंत्राच्या कपाळावर वाचलं. मुंबईच्या उपनगरांपैकी हा मान आणखी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. अंधेरी डिजिटल कॉम्प्युटर? घाटकोपर-१६? छे.

बारा बिट आज विचित्र वाटतात, पण तेव्हा अमेरिकेतला गाजलेला पीडीपी-८ सुद्धा बारा बिटांचाच होता. आठाच्या पाढ्यातले बिट हा नियम सगळ्यांनी मान्य करायला अजून वेळ होता.

अठ्ठेचाळीस बिटांचा रशियन पाहुणा

१९७०च्या दशकात ट्रॉम्बेत एक सोव्हिएत महासंगणकही कामाला होता: बेस्म-६. सर्गेई लेबेदेव या संगणकशिल्पीची ही निर्मिती. एका शब्दाची लांबी ४८ बिट आणि वेग सेकंदाला सुमारे दहा लाख क्रिया. सोव्हिएत संघात अशी साडेतीनशेच्या आसपास यंत्रं बनली. बहुतेक तिथंच राहिली, एक मात्र आपल्या खाडीकाठी आलं.

आज बेस्म-६ चालवून बघायचा असेल तर? मॉस्कोला जायला नको. ‘सिमएच’ नावाचा एक मुक्त स्रोत सिम्युलेटर आहे. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल तो साध्या लॅपटॉपवर करतो आणि त्याच्या यादीत पीडीपी-८, पीडीपी-११ आणि बेस्म-६ तिन्ही आहेत. खोलीभर कपाटं आणि त्यांना थंड ठेवणारी वातानुकूलन यंत्रणा, हे सगळं आता मांडीवर मावतं.

१९९१: एका वर्षात तीन बाळं

ऑगस्ट १९९१. फिनलंडमधला लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी जाहीर करतो की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. तीच पुढचं लिनक्स. सोबत प्रांजळ इशारा: ती ३८६ चिपपुरतीच आहे, दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगी नाही आणि एटी हार्ड डिस्कखेरीज दुसरी डिस्क तिला बहुधा कधी चालणारही नाही. संगणकाच्या इतिहासात इतकं सपशेल चुकलेलं भविष्य शोधून सापडणार नाही.

त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकनं, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, परम ८००० हा महासंगणक लोकांपुढे आणला.

आणि त्याच वर्षी ट्रॉम्बेत ‘अनुपम’ मालिकेतलं पहिलं यंत्र उभं राहिलं. चार प्रोसेसर समांतर जोडलेले, वेग तीस-पस्तीस मेगाफ्लॉप्सच्या घरात. एकवीस वर्षांनी बाजारात आलेला पहिला रास्पबेरी पाय हा खिशातला संगणक साधारण तेवढ्याच वेगाचा होता. पण १९९१ साली ही थट्टेची गोष्ट नव्हती. अमेरिका महासंगणक विकताना नाकं मुरडत होती. हवामानखात्याच्या कामासाठी मागितलेला मोठा क्रे नाकारून तिनं लहान क्रे एक्स-एमपी-१४ दिला होता, तोही अटींच्या जंत्रीसकट. पुढे हवामान अंदाजाचं तेच गणित अनुपमवर चालवून दाखवण्यात आलं.

ज्या चिपनं सगळ्यांना रडवलं

पहिल्या अनुपमच्या पोटात होती इंटेलची आय-८६० ही चिप. १९८९ साली आलेली ही चिप जाहिरातीत रॉकेट होती आणि प्रत्यक्षात डोकेदुखी. कागदावरचा वेग गाठायचा तर हातानं, चिपच्या कलानं प्रोग्रॅम लिहावा लागे. कंपायलरला ती कधी नीट उमगलीच नाही. त्यात हातातलं काम मध्येच सोडून दुसऱ्याकडे वळायचं झालं, तर तिला चांगल्या दिवशी ६२ आवर्तनं पुरायची आणि वाईट दिवशी जवळजवळ २०००! ऑपरेटिंग सिस्टिमचं अर्धं आयुष्य काम बदलण्यातच जातं. अशा चिपवर ती सुखानं नांदणार कशी?

तरी एक ऑपरेटिंग सिस्टिम या चिपसाठी जन्माला येत होती, आणि ऐकून दचकाल: विंडोज एनटी. आय-८६०चं सांकेतिक नाव होतं ‘एन-टेन’. त्यावरून एनटी हे नाव पडलं, असं मूळ गटातल्याच एका अभियंत्यानं सांगितलेलं आहे. मायक्रोसॉफ्टनं चिप लवकरच सोडली. ट्रॉम्बेकरांनी मात्र तिच्याकडून काम करून घेतलं. ज्याला ठराविक गणितंच सोडवायची आहेत आणि प्रोग्रॅम स्वतः घासूनपुसून घ्यायची तयारी आहे, त्याला असली लहरी चिप चालते. लहरीपणा कुठे आणि केव्हा उफाळतो तेवढं कळलं की झालं.

बंदी घातली? मग फुकटातलं घेऊ

मे १९९८, पोखरणच्या अणुचाचण्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत बीएआरसीचं नाव चढलं. चिपपासून सॉफ्टवेअरपर्यंत तिकडून काही घ्यायचं तर परवाना हवा, आणि तो मिळेल याची खात्री शून्य. ही यादी किती चिवट, तर बीएआरसीचं नाव तिच्यातून निघालं जानेवारी २०२५ मध्ये. यादीत नाव चढलं तेव्हा जन्मलेलं पोर एव्हाना नोकरीला लागलेलं.

त्याच काळात अनुपमनं वळण घेतलं. खास चिपा, खास बोर्ड बाजूला पडले आणि साधे पेंटियम पीसी एकमेकांना जोडून त्यांच्यावर लिनक्स चढू लागलं. पीसी कुठेही मिळतात, आणि लिनक्सला परवाना द्यायला किंवा नाकारायला समोर विक्रेताच नाही. यात बंदीला दिलेलं ठोशास ठोसा उत्तर किती आणि सरळ हिशेब किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला दुसरं जास्त वाटतं. जगभरातल्या प्रयोगशाळा तेव्हा तेच करत होत्या, कारण तेच स्वस्त होतं. पुढे अनुपम-अमेय, अनुपम-अजेय, अनुपम-आद्य अशी अनुप्रासात न्हालेली पिढी आली. बारसं करण्यात ट्रॉम्बेचा हात कुणी धरणार नाही.

त्याच सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत महाकाय कणवेगवर्धक बांधला जात होता. त्याची माहिती जगभरच्या हजारो लिनक्स यंत्रांत वाटून दिली जाते. त्या जाळ्याची तब्येत दाखवणारं ‘ग्रिडव्ह्यू’ हे साधन घडवण्यात बीएआरसीच्या मंडळींचा हात होता.

‘माझ्याकडे बघा’ म्हणणारी पेटी

आता मुख्य पदार्थ. अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत गेलात की एक जाडजूड धातूची पेटी दिसते. तिच्यात उभी खणं, खणांत पत्र्याचे मॉड्यूल, मॉड्यूलांवर डझनभर केबली लोंबलेल्या. हिचं नाव कॅमॅक. १९६९ साली युरोपातल्या प्रयोगशाळांनी मिळून ठरवलेलं हे मानक, म्हणजे टीडीसी-१२च्याच वयाचं. पेटीत २५ खणं, त्यातली उजवीकडची शेवटची दोन कंट्रोलरसाठी राखीव. एका फेरीत २४ बिट हलतात आणि फेरीला लागतो एक मायक्रोसेकंद.

या पेटीशी बोलायची रीत फार मजेशीर आहे. तीन आकडे द्यायचे: कुठलं खण, खणातला कुठला पोटपत्ता आणि काय करायचं. पोटपत्ते सोळा, हुकूम बत्तीस. बास, एवढंच व्याकरण. आणि मॉड्यूलला स्वतःहून काही सांगायचं असेल, समजा एखादा कण शोधकावर येऊन आदळला, तर ते एक संकेत पाठवतं. त्या संकेताचं अधिकृत नाव ‘लॅम’, म्हणजे ‘लुक ॲट मी’. वर्गात बोट वर करून ‘बाई, बाई!’ करणारं पोर जसं, तसं.

हा ‘लॅम’ आला की संगणकानं हातातलं सोडून त्याच्याकडे बघायलाच हवं. उशीर केला तर पुढचा कण हुकला. आणि इथंच साध्या ऑपरेटिंग सिस्टिमची पंचाईत होते. प्रिंटर, माऊस, कीबोर्ड तिला ठाऊक असतात. कॅमॅक म्हणजे काय हे विंडोजला ठाऊक नाही, लिनक्सलाही जन्मतः ठाऊक नव्हतं. फरक एवढाच की लिनक्सला शिकवताना त्याच्या आत डोकावता येतं. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड उघडा आहे, ड्रायव्हर लिहा, आत सरकवा.

बीएआरसीच्या अणुभौतिकी विभागातल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. ‘लॅम्प्स’ नावाची प्रणाली त्यांनी बांधली. नावातला ‘एल’ लिनक्सचाच: लिनक्स ॲडव्हान्स्ड मल्टी-पॅरामीटर सिस्टिम. कॅमॅकची आणि नंतर व्हीएमई या नव्या पेट्यांची माहिती ही प्रणाली गोळा करते, साठवते आणि प्रयोग चालू असतानाच पडद्यावर आलेख काढून दाखवते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बीएआरसी आणि टीआयएफआर यांचा सामायिक पेलेट्रॉन वेगवर्धक आहे, १९८०च्या दशकाअखेर सुरू झालेला, एक कोटी चाळीस लाख व्होल्टचा. तिथल्या प्रयोगांचे शोधनिबंध चाळा. ‘माहिती लॅम्प्सनं गोळा केली’ अशा अर्थाचं एक वाक्य उपकरणांच्या परिच्छेदात हमखास सापडतं. अणुगर्भाच्या टकरींची चर्चा पुढे पानं पानं चालते आणि ज्या सॉफ्टवेअरनं त्या टकरी पकडल्या, त्याच्या वाट्याला ते एकच वाक्य येतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं नशीब सगळीकडे असंच.

अशा ड्रायव्हरची चाचणीही निराळी. दुकानातलं वेबकॅम चाललं नाही तर बदलून आणता येतं. वेगवर्धकाची वेळ मात्र महिने आधी अर्ज करून मिळालेली असते, आणि झोत सुरू झाला की तो रात्री तीन वाजताही सुरूच असतो. तेव्हा कर्नलनं मान टाकली तर वाया जाते ती दोन-चार महिन्यांची वाट. म्हणून आधी खोट्या कणांवर सराव. पल्सर नावाचं उपकरण बनावट धडका पाठवत राहतं, वेग हळूहळू वाढवायचा आणि कुठल्या वेगाला हुकायला लागतं ते टिपून ठेवायचं.

झटपट चाचणी, घरच्या घरी

गोवंडी-मानखुर्दच्या भंगारवाल्याकडे किंवा लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत एखादं अनोळखी यंत्र हाती लागलं, तर ही जमात काय करते? पेन ड्राइव्हवर लिनक्स घेते, त्यावरून यंत्र सुरू करते, हार्ड डिस्कला हात लावत नाही. मग यंत्रालाच विचारते, ‘तुझ्या पोटात काय काय आहे?’ प्रत्येक सुटा भाग आपला कंपनी क्रमांक आणि वस्तू क्रमांक सांगतो.

यात एक गंमत दडलेली आहे. इंटेलचा कंपनी क्रमांक आहे ८०८६, तिच्या सर्वांत गाजलेल्या चिपचा आकडा. वाहनाला आवडीचा नंबर घेणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

त्याहून मोठी गंमत: लॅपटॉपचं फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, ‘तू अमुक विंडोज आहेस का?’ लिनक्स बिनदिक्कत ‘हो’ म्हणतं. आणि ‘तू लिनक्स आहेस का?’ असं विचारलं तर म्हणतं, ‘नाही.’ कारण अनुभव! कंपन्यांनी फर्मवेअर तपासलेलं असतं ते विंडोजसमोर. लिनक्सचं नाव ऐकल्यावर ते जी वाट धरतं, त्या वाटेवर कुणी कधी चाललेलंच नसतं. तेव्हा खोटं बोलणंच सुरक्षित.

कर्नलच्या एकूण कोडपैकी निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचा आहे. त्यात अमुक कंपनीच्या तमुक मॉडेलच्या पडद्याचा उजेड उलटा मोजायचा, ढमुक लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, अशा चहाड्यांच्या याद्याच आहेत. मॉडेलांच्या नावांसकट.

आणि हो, प्रिंटरनं अगम्य उत्तर दिलं तर लिनक्स अजूनही ‘प्रिंटर पेटलाय’ अशा अर्थाचा संदेश देऊ शकतं. तो जुन्या युनिक्सकाळातून आलेला. काढून टाकायची कुणाला इच्छा झाली नाही.

सर्वांत सावकाश उठलेला पेंग्विन

दिमित्री ग्रिनबर्ग या अभियंत्यानं २०१२ साली आठ बिटांच्या एका एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर लिनक्स चालवलं. असल्या चिपा खेळण्यांत आणि वॉशिंग मशीनमध्ये असतात. चिपला लिनक्स पेलवत नाही, म्हणून त्यानं तिला आधी दुसऱ्या, मोठ्या प्रोसेसरची नक्कल करायला शिकवली. सुरू होऊन अक्षर टाइप करण्याजोगं व्हायला वेळ लागला दोन तास.

पठ्ठ्याचं समाधान झालं नाही. २०२४ मध्ये त्यानं इंटेलची ४००४ घेतली. १९७१ सालची, चार बिटांची, कॅल्क्युलेटरसाठी बनलेली जगातली पहिली व्यावसायिक मायक्रोप्रोसेसर चिप. तिच्यावर लिनक्स उठायला लागले पावणेपाच दिवस. सोमवारी सकाळी बटण दाबलं तर शनिवार पहाटेपर्यंत चहा पीत बसा.

लिनक्सचं चुलतभावंड नेटबीएसडी या बाबतीत अधिक गर्विष्ठ. पन्नासहून जास्त प्रकारच्या यंत्रांवर ते चालतं आणि ‘अर्थातच चालतं’ हीच त्यांची जाहिरात. २००५ साली एका कंपनीनं नेटबीएसडीवर चालणारा टोस्टर करून दाखवला. ब्रेड भाजायचा आणि गाणीही वाजवायचा.

खैरातचे हिरवे लॅपटॉप

ट्रॉम्बेहून जरा लांब, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात खैरात धनगरवाडा नावाची वस्ती आहे. सप्टेंबर २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची भारतातली ही पहिली शाळा. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र म्हणजे अणुशक्तीनगरचा शेजारीच. तिथल्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेनंही या शाळेत मुलांच्या शिकण्याचा अभ्यास केला.

एक्सओ नावाचा हा लॅपटॉप हार्डवेअर म्हणून भन्नाट होता. ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, हार्ड डिस्क नाहीच, त्याऐवजी एक जीबी फ्लॅश. कानांसारख्या दोन अँटेना. रबरी कीबोर्ड, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि त्यावर देवनागरी अक्षरंही छापून मिळत. पडदा असा की रखरखीत उन्हात मागचा दिवा बंद करून कृष्णधवल वाचता येतो. आणि कमाल म्हणजे प्रोसेसर झोपलेला असतानाही पडद्यावरचं चित्र तसंच राहायचं. त्यासाठी वेगळी चिप होती. मूल पान वाचतंय, काही दाबत नाहीये, तर मेंदू बंद करा, वीज वाचवा.

यातलं काहीच तयार लिनक्सला ओळखीचं नव्हतं. झोपणं-उठणं ही लॅपटॉपांवर लिनक्सची जुनीच दुखरी नस, आणि इथं तर सेकंदा-सेकंदाला डुलकी अपेक्षित. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जोनाथन कॉर्बेट यांनी लिहिला, एरवी ते लिनक्स कर्नलच्या बातम्या देणारे पत्रकार म्हणून ओळखले जातात. पत्रकारानं बातमीतच उडी मारली म्हणायचं.

कीबोर्डवर एक खास बटणही होतं: समोर जे चाललंय त्याचा सोर्स कोड दाखवा. तिसरीतल्या पोरानं ते दाबलं आणि आत बघितलं, की झाला तो कर्नलवाल्यांच्या पंगतीचा. किती जणांनी दाबलं कुणास ठाऊक. पण त्याच काळातल्या कुठल्याही महागड्या लॅपटॉपवर तसं बटणच नव्हतं.

काळ्या पडद्याला जोडाक्षर जमत नाही

यंत्र बिघडलं की लिनक्स काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी ओततं. त्या ओळी मराठीत का नसतात? त्या पडद्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि अक्षरांची जोडणी त्याला येतच नाही. ‘ड्रायव्हर’ लिहायचं तर ‘ड’, हलंत, ‘र’ असे विखुरलेले तुकडे. चित्रमय पडद्यावर मात्र देवनागरी नीट बसली, आणि त्यात एक वाटा जुहूचा आहे. तिथल्या एनसीएसटी या सरकारी संस्थेनं इंडिक्स नावाच्या प्रकल्पात लिनक्सच्या पडद्याला भारतीय लिप्या मुळातून शिकवायचं काम केलं. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

खोडदच्या तबकड्या, पवईचा अजित

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तीसही तबकड्यांचे संकेत क्षणोक्षणी एकमेकांशी गुणायचे म्हणजे खास बनवलेलं हार्डवेअरच हवं, असा जुना समज. २०१०च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी ते काम बाजारात मिळणारी डिजिटायझर कार्डं लावलेल्या लिनक्स यंत्रांच्या जथ्यावर सोपवलं, आणि निभावलं. ऑफिसातल्या पीसीचा भाऊबंद आकाशगंगा ऐकू लागला.

उलटी दिशा पवईत. आयआयटी मुंबईनं २०१९ मध्ये ‘अजित’ हा स्वदेशी प्रोसेसर आणला, ३२ बिटांचा, मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटर तंत्रानं घडवलेला. नवी चिप म्हटल्यावर तिच्यावर चालणार काय, हा प्रश्न आलाच. तो सोपा व्हावा म्हणून शहाणे लोक नवी भाषा शोधत बसत नाहीत. अजितनं स्पार्क व्ही-८ हा जुना, खुला सूचनासंच उचलला. युरोपीय उपग्रहांतले लिऑन प्रोसेसर हीच भाषा बोलतात आणि लिनक्सला ती आधीपासून येते.

खेळण्यातून महासंगणक, मग मंगळ

अमेरिकेच्या हवाई दलानं २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन-३ जोडून लिनक्सवर महासंगणक उभारला. त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीनं प्लेस्टेशनवर लिनक्स चालवण्याची सोयच काढून टाकली. एप्रिल फूल नव्हतं ते.

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचा टाटांचा ‘एका’ जगातल्या महासंगणकांत चौथा आला, तोही लिनक्सवर. नोव्हेंबर २०१७ पासून पहिल्या पाचशेत लिनक्सशिवाय दुसरं कुणी नाही.

मंगळावरचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर २०२१ मध्ये उडालं तेही लिनक्सवर, मोबाइल फोनमधल्या स्नॅपड्रॅगन ८०१ चिपच्या भरवशावर. बेत पाच उड्डाणांचा होता, झाली बहात्तर.

निरोप समारंभ

पाहुणे येतात तसे जातातही. ज्या ३८६साठी लिनक्स जन्मलं, तिचाच सपोर्ट २०१२च्या डिसेंबरात कर्नलमधून काढला गेला. टोरवाल्ड्सना हळहळ वाटली नाही, उलट बरं झालं, असाच त्यांचा सूर होता. २०१८ मध्ये एका झटक्यात आठ प्रोसेसर-घराणी गेली, कोडच्या साडेचार लाखांहून जास्त ओळी. इंटेलचा कोट्यवधींचा इटॅनियम २०२४च्या जानेवारीत आलेल्या आवृत्तीतून गायब झाला. २०२५ मध्ये ४८६लाही निरोप द्यायची चर्चा सुरू झाली.

कोण राहणार, कोण जाणार, हे खपावर ठरत नाही. नवा कर्नल त्या यंत्रावर चढवून ‘उठला’ किंवा ‘नाही उठला’ एवढं कळवणारा आणि मोडलं तर दुरुस्त करणारा एक तरी माणूस लागतो. इटॅनियमची देखभाल करणारं अखेर कुणी उरलं नाही. मोटोरोलाची ६८००० ही मालिका मात्र १९७९ सालची. तिच्यावर चालणारे ॲमिगा आणि अटारी कधीच बाजारातून उठले. पण बेल्जियममध्ये गेर्ट उइटरहूवेन नावाचे एक गृहस्थ तिची देखभाल करतात, नव्या कर्नलच्या चाचण्या लावतात, मोडलं तर दुरुस्ती पाठवतात. त्यामुळे इटॅनियम गेला, आणि ॲमिगावर पेंग्विन अजून उठतो.